पिरॅमिडची समीक्षा आणि समीक्षेचा पिरॅमिड

१

मेक्सिको शहरातील चापुल्तेपेक उद्यानात असलेले राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय हे संग्रहालयांच्या इतिहासात जितके प्रसिद्ध आहे तितकेच समीक्षेच्या इतिहासातही प्रसिद्ध आहे, आणि या दुसऱ्या प्रसिद्धीचे श्रेय मुख्यतः ओक्ताव्हिओ पाझ यांच्याकडे जाते. १७ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेझ मातेओस यांनी या वास्तूचे उद्घाटन केले तेव्हा पाझ मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत होते. चार वर्षांनी, २ ऑक्टोबर १९६८ रोजी, मेक्सिको शहरातील त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळीबार झाला आणि पाझ यांनी निषेध म्हणून राजदूतपद सोडले. पुढच्याच वर्षी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातून विकसित झालेले ‘पोस्दाता’, म्हणजेच ‘ताजा कलम’, हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘एकाकीपणाचा चक्रव्यूह’ (१९५०) या स्वतःच्याच ग्रंथाला पाझ यांनी जोडलेला हा ताजा कलम होय. त्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘पिरॅमिडची समीक्षा’ असे आहे, आणि संग्रहालयाविषयीचे त्यांचे प्रसिद्ध विवेचन याच प्रकरणात येते.

पाझ यांचा युक्तिवाद थोडक्यात असा मांडता येईल. हे संग्रहालय वस्तुतः देवालय आहे. माया, झापोतेक, तोतोनाक, तोल्तेक या सगळ्या संस्कृती तेथे जणू पायऱ्या म्हणून रचलेल्या आहेत आणि त्या पायऱ्यांचे शिखर म्हणजे मेशिका, अर्थात आस्तेक, दालन. राष्ट्राच्या बहुविध भूतकाळातून एकाच नगराची, तेनोच्तित्लानची, आणि त्या नगराच्या सत्तेची पूजा येथे मांडलेली आहे. आस्तेक सम्राट, स्पॅनिश व्हाइसरॉय आणि प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष ही एकाच सिंहासनावर क्रमाने बसलेली माणसे आहेत. त्या सिंहासनाखालचा पिरॅमिड बदललेला नाही. म्हणून त्लातेलोल्कोच्या चौकात जे रक्त सांडले ते या पिरॅमिडच्या जुन्या मागणीचे नवे रूप होते. संग्रहालयाची समीक्षा करणे म्हणजे मेक्सिकोच्या सामूहिक नेणिवेतील या आदिबंधाची समीक्षा करणे होय.

हे विवेचन प्रभावी आहे यात शंका नाही. किंबहुना ते इतके प्रभावी आहे की गेल्या अर्धशतकात या वास्तूविषयी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ते उद्धृत केले आहे आणि फार थोड्यांनी ते तपासले आहे. २०२५ मध्ये स्पेनमधील ‘अस्तुरियासची राजकन्या’ पुरस्कारांपैकी सलोख्यासाठी दिला जाणारा पुरस्कार या संग्रहालयाला मिळाला. एका बाजूला असा गौरव आणि दुसऱ्या बाजूला पाझ यांचा धिक्कार, या दोन टोकांमध्येच या वास्तूविषयी बोलता येते असा समज त्यामुळे अधिकच दृढ होण्याची शक्यता आहे. हा समज मोडणे आवश्यक आहे. पाझ यांच्या वाचनात तपशिलाची चूक आहे हा येथील मुख्य आक्षेप नाही. ज्या व्याकरणाने संग्रहालय बोलते, त्याच व्याकरणाने पाझ त्याला उत्तर देतात, हा आहे. संग्रहालय सांगते की आस्तेक भूतकाळ आजच्या राष्ट्रात जिवंत आहे. पाझ सांगतात, होय, तो जिवंत आहे आणि म्हणूनच तो भयंकर आहे. समीकरण तेच राहते, केवळ अधिकाच्या जागी उणे चिन्ह येते. आणि ज्यांनी हे समीकरण प्रत्यक्ष मांडले, ज्यांच्याकडून त्यासाठी दगड हिरावून घेतले गेले, ज्यांचे वर्तमान त्यात बसवले गेले नाही, ती माणसे दोन्ही बाजूंनी निसटतात.

२

प्रथम पाझ यांच्या निरीक्षणाचा खरेखोटेपणा पाहिला पाहिजे. संग्रहालयाची रचना वास्तुरचनाकार पेद्रो रामिरेझ वास्केझ आणि त्यांचे सहकारी राफाएल मिखारेस व होर्हे काम्पुसानो यांची आहे. मध्ये विस्तीर्ण चौक. चौकाच्या एका भागावर एकाच खांबाने तोललेले प्रचंड छत्र, त्यातून पाण्याचा पडदा खाली पडत असतो. चौकाभोवती तळमजल्यावर पुरातत्त्वाची दालने आणि वरच्या मजल्यावर मानववंशवर्णनाची दालने. प्रवेशद्वारासमोर, चौकाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी अक्षरेषेवर मेशिका दालन आहे. त्याच्या अंतर्भागी, वेदीवर ठेवावी तशी, ‘सूर्यशिला’ आहे. या मांडणीला ‘देवालय’ म्हणणे ही अतिशयोक्ती नाही.

परंतु चौकाभोवतीची दालने क्रमाने पाहत गेले तर निराळेच चित्र दिसते. आरंभीची दालने, मग तेओतिवाकान, मग तोल्तेक, मग मेशिका, आणि त्यानंतर ओआहाका, आखाती किनारा, माया, पश्चिमेकडील व उत्तरेकडील संस्कृती असा हा क्रम आहे. म्हणजे मेशिका दालन वाटेच्या मध्यावर येते, शेवटी नव्हे. शिवाय प्रत्येक दालनातून चौकात बाहेर पडता येते आणि हवे त्या दालनात शिरता येते. पाझ यांनी वर्णन केलेले आरोहण पायांच्या वाटेवर घडत नाही. ते डोळ्यांच्या वाटेवर, म्हणजे अक्षरेषेवर घडते. हा फरक क्षुल्लक नाही. कथनाचा चरमबिंदू हा जसा कथेचा शेवट असतोच असे नाही, तसे येथेही आहे. आरंभ, चढती श्रेणी आणि शिखर असा जो आकृतिबंध पाझ यांना दिसतो तो अंशतः वास्तूचा आहे आणि अंशतः वाचकाचा. कवीची दृष्टी विखुरलेल्या दालनांचे एक महाकाव्य करते आणि मग त्या महाकाव्याचा निषेध करते.

तरीही पाझ यांचे ऋण मान्य केले पाहिजे. काचेच्या पेटीतील वस्तू निरागस नसतात, त्यांच्या मांडणीत सत्तेची इच्छा असते, हे लॅटिन अमेरिकेत त्यांनी फार लवकर आणि फार स्पष्टपणे सांगितले. संग्रहालय ही एक संहिता आहे, हे पुढे सर्वत्र रूढ झालेले सूत्र त्यांच्या लेखनात बीजरूपाने आहे. परंतु संहितेचा विचार करताना पहिला प्रश्न पुसून टाकला जातो, तो असा: ही संहिता कोणी लिहिली?

३

या प्रश्नाचे उत्तर गूढ नाही. संग्रहालयाची उभारणी झाली तेव्हा शिक्षणमंत्री होते हाइमे तोरेस बोदे. ते ‘कोन्तेम्पोरानेओस’ या कविगटातील महत्त्वाचे कवी. ज्या शालेय इतिहासपुस्तकांत आणि संग्रहालयात एकच पंथ दिसतो असे पाझ म्हणतात, त्या मोफत पाठ्यपुस्तकांचा आयोग १९५९ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे पहिले प्रमुख होते कादंबरीकार मार्तिन लुइस गुस्मान. म्हणजे ही संहिता लिहिणारी माणसे साहित्याच्या इतिहासाला परिचित आहेत. त्यांची पदे, त्यांची खाती आणि त्यांचे निर्णय सार्वजनिक नोंदीचा भाग आहेत. अशा वेळी संहितेचा कर्ता म्हणून ‘पिरॅमिड’ नावाच्या नेणिवेतील आकृतीकडे बोट दाखवणे याचा अर्थ काय होतो? लेखकाच्या मृत्यूची घोषणा कवितेच्या संदर्भात मुक्तिदायी असू शकेल; लेखक जेव्हा शासन असते तेव्हा तीच घोषणा त्याला सोयीची ठरते.

त्लातेलोल्कोच्या बाबतीत ही सोय केवळ सैद्धान्तिक राहत नाही. तेथील चौकाला ‘तीन संस्कृतींचा चौक’ म्हणतात, कारण आस्तेक अवशेष, वसाहतकालीन चर्च आणि आधुनिक गृहसंकुल तेथे शेजारी शेजारी आहेत. पाझ यांच्या कल्पनेला या स्थळाने केवढे मोठे आवाहन केले असेल हे सहज समजते. पण त्या चौकाच्या कडेला आणखी एक इमारत होती: परराष्ट्र मंत्रालयाचा मनोरा. त्याचे वास्तुरचनाकार होते पेद्रो रामिरेझ वास्केझ, म्हणजे संग्रहालयाचेच निर्माते. हेच रामिरेझ वास्केझ १९६८ च्या ऑलिम्पिक संयोजन समितीचे अध्यक्ष होते. गोळीबारानंतर दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, त्या क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. संग्रहालय, मनोरा आणि ऑलिम्पिक यांना जोडणारा धागा शोधण्यासाठी नेणिवेत उतरण्याची आवश्यकता नाही. तो धागा एका विशिष्ट राज्ययंत्रणेचा आहे. तिच्याकडे पैसा होता, वास्तुरचनाकार होते, जगाला दाखवायचे एक चित्र होते, आणि ते चित्र विस्कटू नये यासाठी सैन्यही होते. यावरून वास्तुरचनाकार हत्याकांडाला जबाबदार ठरतो असे सुचवायचे नाही. मुद्दा एवढाच आहे की संग्रहालय आणि गोळीबार यांच्यातील संबंध इतिहासाच्या भाषेत सांगता येतो, आणि तो त्या भाषेत सांगितला तरच त्यात माणसांची नावे येतात.

येथे एक विलक्षण विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. पाझ यांनी ऑक्टोबर १९६८ मध्ये दिल्लीहून पत्र पाठवले ते परराष्ट्रमंत्र्यांना, म्हणजे ज्या खात्याचा मनोरा त्या चौकाच्या कडेला होता त्याच खात्याला. त्या पत्रामागे एक विशिष्ट सरकार आणि त्याचे एक विशिष्ट कृत्य होते. ती कृती धैर्याची होती आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण कृतीचे धैर्य संहितेला आपोआप प्राप्त होत नाही. राजीनाम्याने सरकारला आरोपी केले. ‘पिरॅमिडची समीक्षा’ या प्रकरणाने पिरॅमिडला आरोपी केले. पहिल्या आरोपाला उत्तर द्यावे लागते. दुसऱ्या आरोपाला कोणी उत्तर देऊ शकत नाही, आणि म्हणूनच तो कोणालाही अडचणीत आणत नाही.

पाझ यांच्या बाजूने येथे असे म्हटले जाईल की ‘पोस्दाता’च्या पहिल्या दोन प्रकरणांत विद्यार्थी आंदोलन, सत्ताधारी पक्षाची मक्तेदारी आणि विकासाचा आभास यांचे राजकीय विश्लेषण आहेच. हे खरे आहे. पण पुस्तकाची रचना पाहता तिसरे प्रकरण हे पहिल्या दोघांचे स्पष्टीकरण म्हणून येते. दृश्य राजकारणाखाली एक अदृश्य, अधिक खरा मेक्सिको आहे आणि खरी कारणे तेथे आहेत, असा त्याचा दावा आहे. ज्या क्षणी हा दावा मान्य होतो त्या क्षणी पक्ष, मंत्री आणि सेनाधिकारी हे केवळ निमित्तमात्र ठरतात. शिखर आणि पायऱ्या यांची उतरंड पाझ यांना संग्रहालयात खटकते. त्यांच्या पुस्तकातही तीच उतरंड आहे. राजकीय वस्तुस्थिती तळाच्या पायऱ्यांवर आणि मिथक शिखरावर. समीक्षेचा पिरॅमिड म्हणतात तो हाच.

ही केवळ परक्याने काढलेली खोड नाही. मेक्सिकोतच रॉजर बार्त्रा यांनी ‘विषादाचा पिंजरा’ (१९८७) या ग्रंथात दाखवून दिले आहे की ‘मेक्सिकन माणसाचा स्वभाव’ या विषयावरचे सारे चिंतन हे स्वतःच एक मिथक आहे आणि क्रांतीनंतरच्या राज्यसत्तेला अधिमान्यता देण्याचे काम ते करत आले आहे. आणि बार्त्रा यांच्याही आधी, ‘पोस्दाता’नंतर एकाच वर्षाने, एलेना पोनिआतोव्स्का यांनी ‘त्लातेलोल्कोची रात्र’ (१९७१) प्रसिद्ध केली. विद्यार्थी, त्यांचे आईवडील, कामगार, प्राध्यापक, कैदी, शेजारी अशा असंख्य माणसांची साक्ष या पुस्तकात एकापुढे एक ठेवलेली आहे. लेखिकेने त्यावर कोणतेही शिखर चढवलेले नाही. साहित्यप्रकारांच्या अभ्यासकाला या दोन पुस्तकांतील भेद केवळ शैलीचा वाटता कामा नये. एका रूपबंधात मृतांना अर्थ मिळतो. दुसऱ्यात त्यांना साक्षीदार मिळतात. पोनिआतोव्स्का यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला पाझ यांनीच प्रस्तावना लिहिली, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण मानता येईल. पण त्या पुस्तकाचा रूपबंध त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताचे खंडन करतो हेही तितकेच खरे आहे. १९६८ मध्ये गृहमंत्री असलेले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लुइस एचेव्हेरिया यांना २००६ मध्ये नजरकैदेचा आदेश झाला, २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपातून मोकळे केले आणि २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. या प्रदीर्घ, अपुऱ्या राहिलेल्या न्यायप्रक्रियेला जो काही आधार मिळाला तो साक्षींचा आणि कागदपत्रांचा. आदिबंधाला न्यायालयात उभे करता येत नाही.

४

संग्रहालयाला संहिता मानणाऱ्या वाचनाची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे, कारण ती संहितेच्या बाहेर पडल्याशिवाय दिसतच नाही. संग्रहालयाची सर्वांत मोठी शिला कोणत्याही दालनात नाही. ती बाहेर, ‘पासेओ दे ला रेफोर्मा’ या राजमार्गाच्या कडेला उभी आहे. पर्जन्यदेव त्लालोक म्हणून ती ओळखली जाते. उंची सुमारे ७ मीटर आणि वजन सुमारे १६७ टन. ही शिला तेश्कोकोजवळच्या सान मिगेल कोआत्लिंचान या गावच्या ओढ्यात शतकानुशतके आडवी पडलेली होती. गावकरी तिला त्लालोक म्हणत नसत. ‘तेकोमातेंची शिला’ हे त्यांचे नाव होते, आणि पाऊसपाण्याविषयीच्या त्यांच्या समजुती तिच्याशी निगडित होत्या. पर्जन्यदेव ही ओळखही निर्विवाद नाही. ती जलदेवता चाल्चिउत्लिक्वे असावी असे मानणारे अभ्यासक आहेत.

१९६४ मध्ये शासनाने ही शिला नेण्याचे ठरवले तेव्हा गावाने विरोध केला. शिला उचलण्यासाठी आणलेल्या यंत्रसामग्रीची नासधूस झाली, टायरांतील हवा सोडली गेली, आणि शेवटी सैन्य आले. बदल्यात गावाला शाळा, दवाखाना, रस्ता अशा सुविधांचे आश्वासन मिळाले. १६ एप्रिल १९६४ रोजी खास बनवलेल्या प्रचंड वाहनावरून शिलेची यात्रा निघाली. ती राजधानीत पोहोचली तेव्हा मोसम नसतानाही मुसळधार पाऊस पडला आणि वर्तमानपत्रांना एक सुंदर कथा मिळाली: पर्जन्यदेव स्वतः आनंदित झाला! ही कथा आजही सांगितली जाते. टायरांतील हवा सोडणाऱ्यांची कथा सांगितली जाते ती तिची एक गमतीदार तळटीप म्हणून.

पाझ यांच्या सिद्धान्तात या गावकऱ्यांना कोठे बसवायचे? मेक्सिकन माणूस नकळत पिरॅमिडची पूजा करतो, असे हा सिद्धान्त म्हणतो. येथे तर पिरॅमिडसाठी दगड न्यायला आलेल्यांना मेक्सिकन माणसेच अडवत आहेत, तीही पूर्ण जाणीवपूर्वक. त्यांच्या दृष्टीने ती शिला म्हणजे आस्तेक साम्राज्याचे प्रतीक नव्हती. ती त्यांच्या गावातली, त्यांच्या जगण्यातली वस्तू होती. राष्ट्राने तिचे प्रतीक केले आणि समीक्षेने त्या प्रतीकावर वाद घातला. दोन्ही व्यवहारांत शिला गावापासून आधीच तोडलेली आहे हे गृहीत आहे. २००७ मध्ये गावाच्या चौकात तिची प्रतिकृती बसवण्यात आली, आणि सांद्रा रोझेन्ताल व जेसी लर्नर यांच्या ‘अनुपस्थित शिला’ (२०१३) या माहितीपटाने हा सारा इतिहास गावाच्या बाजूने पुन्हा मांडला. जे काम समीक्षेने करायचे होते ते येथे चित्रपटाने केले, आणि त्यासाठी त्याला गावात जावे लागले.

कोआत्लिक्वेच्या प्रचंड मूर्तीचा इतिहास याच दिशेने बोलतो. १३ ऑगस्ट १७९० रोजी मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात खोदकाम करताना ती सापडली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सूर्यशिलाही सापडली. सूर्यशिला कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या भिंतीत बसवली गेली आणि १८८५ पर्यंत तेथेच राहिली. कोआत्लिक्वे मात्र विद्यापीठाच्या आवारात नेऊन नंतर पुरली गेली. १८०३ मध्ये हुम्बोल्टला दाखवण्यासाठी ती उकरली आणि पुन्हा पुरली. पाझ यांनी मेक्सिकन कलेवरील एका नंतरच्या निबंधात या मूर्तीचा प्रवास चार पदांत सांगितला आहे: देवी, सैतान, राक्षसी आकृती आणि अखेर कलाकृती. पाहणाऱ्याची दृष्टी बदलते तशी वस्तू बदलते, हा त्यातील विचार संग्रहालयशास्त्राच्या वर्गात आजही उपयोगी पडेल असा आहे. पण मूर्ती पुन्हा का पुरली गेली? इंडियन लोक तिच्यापुढे फुले आणि मेणबत्त्या घेऊन येऊ लागले होते, अशी नोंद बेनितो मारिया मोशो या धर्माधिकाऱ्याने १९ व्या शतकाच्या आरंभी करून ठेवली आहे. म्हणजे ज्या काळात पाझ यांच्या क्रमानुसार देवीची अवस्था केव्हाच संपलेली असायला हवी होती, त्या काळात तिच्यापुढे दिवे लागत होते. देवीपासून कलाकृतीपर्यंतचा प्रवास हा दृष्टींचा क्रम नव्हता. तो एका दृष्टीने दुसरीवर माती लोटण्याचा इतिहास होता. चार पदांचा सुबक क्रम लावला की ही माती दिसेनाशी होते.

५

आता वरच्या मजल्याकडे वळावे लागेल, कारण पाझ यांच्या युक्तिवादाचे सारे वजन तळमजल्यावर आहे. मायांना, झापोतेकांना आस्तेकांपेक्षा दुय्यम स्थान दिले गेले, ही त्यांची तक्रार एका मृत संस्कृतीच्या वतीने दुसऱ्या मृत संस्कृतीविरुद्ध केलेली आहे. मायाभाषक आणि झापोतेकभाषक माणसे आजही लाखोंच्या संख्येने मेक्सिकोत राहतात, आणि संग्रहालयाने त्यांच्यासाठी जिना बांधलेला आहे. खाली भव्य शिल्पे, वर घरे, विणकाम, भांडी आणि पुतळे. खाली शतके मोजलेली आहेत. वर काळ थांबलेला आहे.

ही विभागणी १९६४ च्या आधीपासून सुरू झालेली होती. १८२५ मध्ये स्थापन झालेल्या मूळ राष्ट्रीय संग्रहालयात सर्व काळांतील वस्तू एकत्र होत्या. राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्था १९३९ मध्ये निर्माण झाल्यावर वसाहतकाळाच्या व त्यापुढील इतिहासाच्या वस्तू चापुल्तेपेकच्या किल्ल्यात गेल्या आणि १९४४ मध्ये तेथे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय उघडले. उरलेला संग्रह वीस वर्षांनी किल्ल्याच्या पायथ्याशी, नव्या वास्तूत आला. या साध्या प्रशासकीय वाटणीचा अर्थ भयंकर आहे. इंडियन माणसाला १५२१ पर्यंत पुरातत्त्व आहे आणि त्यानंतर मानववंशवर्णन आहे. इतिहास मात्र नाही. इतिहास टेकडीवरच्या किल्ल्यात आहे. वसाहतीतील खाणीत राबलेला, जमिनीसाठी खटले लढलेला, क्रांतीत मेलेला, शहरात स्थलांतर केलेला इंडियन माणूस या वास्तूच्या दोन मजल्यांमधल्या फटीत पडतो.

गिएर्मो बोनफिल बाताया यांनी ‘खोल मेक्सिको’ (१९८७) या ग्रंथात हा प्रश्न मुळातून मांडला: मृत इंडियन संस्कृतीचा अभिमान आणि जिवंत इंडियन माणसाचा नकार ही मेक्सिकन राष्ट्रवादाची दोन अंगे आहेत. नेस्तोर गार्सिया कान्क्लिनी यांनी ‘संकर-संस्कृती’ (१९९०) मध्ये संग्रहालयाची भव्यीकरणाची आणि राष्ट्रीय कर्मकांडाची तंत्रे उलगडली आणि वरच्या मजल्यावर आधुनिक जीवनाच्या खुणा वगळल्या गेल्याचे नोंदवले. हे दोघेही पाझ यांच्या पुढे गेले, कारण ते जिना चढले. पण तरीही येथे शब्द विद्वानांचाच आहे. १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये झापातिस्तांचा उठाव झाला आणि ही परिस्थिती कायमची बदलली. १६ फेब्रुवारी १९९६ च्या सान आंद्रेस करारात इंडियन समाजांच्या हक्कांची आणि स्वायत्ततेची भाषा होती. २८ मार्च २००१ रोजी कोमांदांता एस्थेर या इंडियन स्त्रीने मेक्सिकोच्या संसदेच्या व्यासपीठावरून भाषण केले. करार जसाच्या तसा कायद्यात उतरला नाही आणि झापातिस्तांनी त्या वर्षीची घटनादुरुस्ती नाकारली. पण ‘इंडियन माणूस’ या विषयावर बोलण्याऐवजी त्याचे बोलणे ऐकावे लागले, ही गोष्ट मागे घेता येण्यासारखी नाही.

या घटनेचा पाझ यांच्या सिद्धान्तावर होणारा परिणाम समीक्षेने अजून पुरेसा ओळखलेला नाही. सामूहिक नेणीव ही कल्पना तेव्हाच चालते जेव्हा समूह स्वतः बोलत नसतो. जो बोलत नाही त्याच्या वतीने आदिबंध बोलतो आणि आदिबंधाच्या वतीने कवी. समूहातील माणसे आपले म्हणणे मुद्द्यांनिशी, कलमांनिशी, भाषणांनी मांडू लागली की त्यांच्या मनाच्या तळाशी कोणता पिरॅमिड आहे याची चर्चा अप्रस्तुत होते. निदान ती त्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. मिथकाला बाजूला सारून केवळ नावे, तारखा, पदे आणि वजने यांची यादी करणे म्हणजे समीक्षेचे रूपांतर कारकुनीत करणे नव्हे काय? संग्रहालय लोकांच्या मनावर जी मोहिनी घालते तिचे स्पष्टीकरण अंदाजपत्रकातून मिळत नाही. त्यासाठी प्रतिमांचा, प्रतीकांचा, विधींचा विचार करावाच लागतो. आक्षेपात तथ्य आहे. मेशिका दालनात शिरणाऱ्याला जे जाणवते ते खरे असते आणि त्याचे वर्णन करण्याची शक्ती पाझ यांच्या गद्यात होती, ती त्यांच्या बहुतेक टीकाकारांत नाही.

परंतु मोहिनीचे वर्णन आणि मोहिनीचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. वर्णन प्रतिमेच्या भाषेत करता येते, नव्हे करावेच लागते. कारण सांगताना मात्र प्रतिमा अपुरी पडते, कारण प्रतिमा ही स्वतःच स्पष्टीकरणाची मागणी करणारी वस्तू आहे. पिरॅमिडने संग्रहालय घडवले असे म्हणणे हे संग्रहालयाचेच विधान आहे. आस्तेक भूतकाळातून आधुनिक राष्ट्र सरळ उगवले, हेच तर ते सांगू पाहते. समीक्षकाने याच्या उलट दिशेने गेले पाहिजे: संग्रहालयाने, पाठ्यपुस्तकांनी, क्रीडास्पर्धांनी, एका राजवटीने हा पिरॅमिड विसाव्या शतकात घडवला. त्यासाठी कोआत्लिंचानहून शिला आली, इतिहास किल्ल्यावर गेला आणि माणसे वरच्या मजल्यावर गेली. दालनातील प्रत्येक वस्तूला हे चार प्रश्न विचारता येतात: ती कोठून आली, कोणाच्या विरोधाला न जुमानता आली, तिचे आधीचे नाव काय होते, आणि ते नाव घेणारी माणसे आज कोठे आहेत. हे प्रश्न कारकुनी नाहीत. संहितेच्या कर्त्याचा, आणि संहितेतून वगळलेल्यांचा, शोध घेणारे ते प्रश्न आहेत, आणि साहित्यसमीक्षा ज्या कामासाठी अस्तित्वात आहे त्याचा तो गाभाच आहे.

त्लातेलोल्कोच्या चौकातील परराष्ट्र मंत्रालयाचा तो मनोरा आता मंत्रालयाकडे नाही. २००७ पासून तेथे राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे सांस्कृतिक केंद्र आहे आणि त्यात १९६८ च्या आंदोलनाचे स्मारक-संग्रहालय आहे. त्यात त्या आंदोलनातील माणसांच्या मुलाखती, छायाचित्रे आणि कागदपत्रे आहेत. ज्या राज्यव्यवस्थेने चापुल्तेपेकला देवालय बांधले तिच्याच एका वास्तूत आज साक्षी ऐकू येतात, ही गोष्ट पिरॅमिडच्या सिद्धान्ताला समजणारी नाही, कारण त्या सिद्धान्तात पिरॅमिड कधीच रिकामा होत नाही. इतिहासात मात्र तो होतो. माणसांनी मागणी लावून धरली तर.